आजोबांची 'जर्मन' दुर्बीण

दिवाळीत महालातल्या आमच्या जुन्या घरी गेलो होतो. घर आता पाडायचं आहे, त्यामुळे माळ्यावरचं सामान खाली काढणं चालू होतं. पितळी घंगाळ, तीन पायांची खुर्ची, १९५० च्या आधीच्या मालगुजारीच्या वह्या, असं काय काय. त्यातच एक पत्र्याची पेटी निघाली आणि पेटीत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, आजोबांच्या रायफलीवरची दुर्बीण. रायफल केव्हाच गेली. आजोबा १९८१ मध्ये वारले, तेव्हाच काकांनी ती रीतसर जमा करून टाकली. दुर्बीण तेवढी राहिली.

या दुर्बिणीची गोष्ट आमच्या घरात प्रत्येक पोराला पाठ आहे. आजोबा उमरेडकडच्या एका मालगुजाराकडे दिवाणजी होते. १९४१ साली गावात जनावरं मारणारा बिबट्या आला, आजोबांनी तो एका गोळीत पाडला, आणि तो ज्या दुर्बिणीतून पाडला ती ही, लढाईच्या आधी आणलेली अस्सल जर्मन दुर्बीण. (बिबट्या मारण्यात कसलं आलंय शौर्य, असं आज वाटेल आणि ते बरोबरच आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषय संपला. पण गोष्ट १९४१ ची आहे, हे लक्षात घ्या.)

तर, काकांना या दुर्बिणीसाठी गिऱ्हाईक मिळालं होतं. जुन्या शिकारी वस्तू गोळा करणारे एक गृहस्थ. लढाईपूर्वीची जर्मन असेल तर चाळीस हजार द्यायला तयार. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं आहे, त्यामुळे चाळीस हजार म्हणजे काही चेष्टा नाही. काका मला म्हणाले, "तू इंजिनेर आहेस ना बे, जरा पुसूनपासून पाहून दे. चालू आहे की नाही तेवढंच सांग."

आता मी सॉफ्टवेअरवाला. माझा काचांशी संबंध चष्म्यापुरता. पण कुणी 'चालू आहे की नाही ते सांग' म्हटलं की आमच्यातला टेस्टर जागा होतो. दोन शनिवार-रविवार वाचण्यात आणि गच्चीवर घालवले. त्यातून जे कळलं ते लिहून ठेवतोय. थोडा इतिहास आहे, थोडं शास्त्र आहे, आणि शेवटी थोडी घरची गोष्ट.

सुरुवात १६११ पासून करू. गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याकडचं भिंग अंतर्वक्र होतं. केप्लरने त्या वर्षी सुचवलं की दोन्हीकडे बहिर्वक्र भिंगं घेतली तरी चालेल. चित्र उलटं दिसतं, पण एक मोठा फायदा होतो, नळीच्या आत एका ठिकाणी लांबच्या वस्तूची खरीखुरी प्रतिमा तयार होते. तिथे तुम्ही एखादा केस ठेवलात तर तो केस आणि लांबचं झाड दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात. हे ध्यानात यायलाही पंचवीस-तीस वर्षं गेली. विल्यम गॅस्कॉइन नावाच्या एका इंग्रज तरुणाला १६४० च्या सुमारास हे उमगलं, असं म्हणतात की त्याच्या दुर्बिणीत कोळ्याने जाळं विणलं होतं आणि त्याचा धागा त्याला ताऱ्याबरोबर स्पष्ट दिसला. बिचारा १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला. पण दुर्बिणीतलं 'अधिक'चं चिन्ह तिथून आलं. पुढे मोजणीच्या यंत्रांत खरोखरच कोळ्याचा धागा वापरत असत.

मोजणीचं यंत्र म्हटल्यावर आम्हा विदर्भवाल्यांना हिंगणघाट आठवायला हवं. (आठवत नाही, हा भाग वेगळा.) हिंदुस्थानची महात्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरला येत असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे, आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर. १८०२ मध्ये मद्रासला पहिली पायारेषा मोजून तो निघाला होता आणि वीस वर्षांत इथवर पोचला होता.

लॅम्बटनची गोष्ट मला इथे का आठवली? कारण हा माणूस 'सेकंडहँड' मालावर जगातली एक सर्वांत अचूक मोजणी करत होता. त्याची साखळी आणि ताऱ्यांचे कोन घेण्याचं यंत्र मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून नेलेलं होतं, ते तिथे खपलं नाही म्हणून कलकत्त्याला येऊन विकलं गेलं. त्याचं अर्धा टन वजनाचं मोठं थिओडोलाइट लंडनच्या कॅरीने बनवलेलं, ते वाटेत फ्रेंचांनी पकडलं आणि मॉरिशसला नेलं, मग सभ्यपणे परत दिलं. आणि १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटलं. अंश कोरलेलं वर्तुळच वाकलं. दुसरा कोणी असता तर विलायतेला पत्र लिहून दोन वर्षं बसून राहिला असता. लॅम्बटनने तंबूत स्वतःला कोंडून घेतलं आणि सुमारे सहा आठवडे खपून ते वर्तुळ जवळजवळ मूळ आकारात आणलं. तेच यंत्र पुढेही कामाला होतं. त्याच्यानंतर आलेल्या एव्हरेस्टने ते कलकत्त्याच्या कारखान्यात बॅरोकडून नव्याने बांधून घेतलं. बॅरोच्या जागी पुढे आला तो सय्यद मीर मोहसीन हुसेन, मद्रासकडचा जवाहिऱ्या, ज्याला एव्हरेस्टने हेरून यंत्रांच्या कामाला लावलं होतं.

वाकलेल्या यंत्रावर विश्वास ठेवायचा कसा? तर यंत्राला विचारून. एकाच खुणेकडे पुन्हा पुन्हा बघायचं, वर्तुळाच्या वेगवेगळ्या भागांवरून कोन वाचायचा, दुर्बीण उलटी करून परत वाचायचा. चूक किती आहे आणि ती दरवेळी तेवढीच येते का, हे कळलं की वाकडं यंत्रही कामाचं होतं. चूक दरवेळी वेगळी येत असेल तर मात्र नवंकोरं यंत्रही भंगार. आमच्या धंद्यात जो बग दरवेळी हमखास येतो तो अर्धा सुटलेला असतो. कधी येतो कधी नाही, तो खरा जीव घेतो. अगदी तसंच!

रायफलीवर दुर्बीण बसवण्याचा खटाटोप अमेरिकेत १८४० च्या दशकात चालू झाला, त्यात आपल्याकडचंही एक नाव आहे. डेव्हिडसन नावाचा स्कॉटिश अधिकारी, मुंबई इलाख्याच्या फौजेत नोकरी केलेला. त्याची नळीच्या बाजूला बसणारी दुर्बीण व्हिटवर्थ रायफलींवर लागली आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या नेमबाजांनी ती वापरली. पण हा सगळा महागडा माल. चांगली काच जर्मनीत, येनाला, तिथे शॉटची काचेची प्रयोगशाळा १८८४ पासून होती. म्हणूनच आपल्याकडे जुनी आणि चांगली म्हणजे जर्मन, हे समीकरण बसलं.

स्वस्त दुर्बीण आणली ती विल्यम वीव्हर नावाच्या अमेरिकन पोराने. १९३० साली त्याने आपलं पहिलं मॉडेल काढलं, किंमत युरोपच्या मालापेक्षा कितीतरी कमी. पोलादी बारीक नळी, साधी भिंगं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला घाईत दुर्बिणी लागल्या तेव्हा त्याच घरगुती मालाची आवृत्ती स्प्रिंगफिल्ड रायफलींवर चढली. उलट जर्मनांनी सैन्यासाठी काढलेली जेमतेम दीडपट मोठं दाखवणारी झेडएफ-४१ ही अगदीच कुचकामी म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे 'जर्मन' हा शब्द काही होलमार्क नव्हे. लढाईनंतर जपानी कारखाने या धंद्यात उतरले आणि १९६० च्या दशकात मध्यमवर्गी शिकाऱ्याला परवडेल असा माल जगभर पोचला.

आता गच्चीवर या.

पहिली तपासणी फुकटची आहे. ट्यूबलाइट लावा, दुर्बिणीचं पुढचं भिंग तिरपं धरा आणि तिच्या प्रतिबिंबाचा रंग बघा. पांढरं स्वच्छ प्रतिबिंब दिसलं तर भिंगावर लेप नाही. निळसर-जांभळट दिसलं तर आहे. हा लेप दिसतो नगण्य पण फरक मोठा. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत जातो. रायफलीच्या दुर्बिणीत हवेला लागणारे असे दहा पृष्ठभाग धरले तर शेवटी डोळ्यापर्यंत पोचतो ६६ टक्के. साधा एकपदरी लेप असेल तर तोटा दीड टक्क्यावर येतो आणि पोचतो ८६ टक्के. हरवलेला प्रकाश नुसता हरवत नाही, नळीत इकडेतिकडे उडून चित्र धुरकट करतो. संध्याकाळी झाडाखाली उभं जनावर दिसणार की नाही, हे यावर ठरतं. ही युक्ती झाइसच्या स्माकुलाने १९३५ मध्ये शोधली, पण लढाई संपेपर्यंत ती बहुतेक लष्करी गुपितच होती.

आमच्या दुर्बिणीत ट्यूबलाइट जांभळी दिसली. माझ्या पोटात इथेच गोळा आला. १९४१ च्या आधीच उमरेडला पोचलेल्या दुर्बिणीवर हा लेप असण्याची शक्यता फारच कमी.

दुसरी तपासणी, बॅटरी. डोळ्याकडून आत उजेड टाकायचा आणि पुढून बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी, पावसाळ्यात कपाटात कोंडून ठेवल्याचं फळ. भिंगाच्या कडेला पिवळट किंवा इंद्रधनुषी डाग दिसला तर दोन भिंगं चिकटवणारा कॅनडा बाल्सम नावाचा डिंक सुटायला लागलाय. आपल्या ४७ अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर चाळीस वर्षं राहिल्यावर डिंकाने तरी काय करावं! आमच्याकडे कडेला थोडा डाग, बुरशी नाही. धोतराचं फडकं उपयोगी पडलं म्हणायचं.

तिसरी, फूटपट्टी. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठं दाखवण्याची पट. आमची ४ पट, भिंग ३२ मिलिमीटर, म्हणजे डोळ्याशी येणारा प्रकाशाचा ठिपका ८ मिलिमीटरचा. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली फार तर ७ पर्यंत उघडते. म्हणजे पुरेसं आहे. एअरगनवर मिळायच्या त्या ४ पट, १५ मिलिमीटरच्या दुर्बिणीत हा ठिपका पावणेचारचा असतो, म्हणून संध्याकाळी त्या आंधळ्या होतात. मग कॅलिपरने नळी मोजली. २५.४ मिलिमीटर, बरोबर एक इंच. जुन्या जर्मन नळ्या मिलिमीटरच्या मापात, पुष्कळदा २६.५ च्या. एक इंच हे अमेरिकन माप आणि अमेरिकेला माल विकणाऱ्या जपान्यांचं.

चौथी तपासणी लॅम्बटनची. पुठ्ठ्याच्या खोक्याला समोरासमोर 'व्ही'सारख्या दोन खाचा पाडा, त्यात दुर्बीण ठेवा, लांबच्या एका ठिपक्यावर अधिकचिन्ह आणा आणि दुर्बीण जागच्या जागी गोल फिरवा. चिन्ह ठिपक्यावरच राहिलं तर मध्य बरोबर. ते वर्तुळ काढत फिरलं तर तेवढं चुकलेलं. याच खोक्यात पाचवी तपासणीही होते. दुर्बिणीला हात न लावता डोळा थोडा डावी-उजवीकडे हलवा. चिन्ह लक्ष्यावरून सरकताना दिसलं तर प्रतिमा आणि तारा एका पातळीत नाहीत. थोडं सरकणं दोष नव्हे, कारण साध्या दुर्बिणी एकाच ठरलेल्या अंतरासाठी जुळवलेल्या असतात, मोठ्या रायफलीच्या बहुधा १०० यार्डांना, पॉइंट टू-टूच्या ५० ला.

सहावी सर्वांत महत्त्वाची. समोरच्या भिंतीवर, बरोबर २५ मीटरवर, आलेखाचा कागद लावला. या अंतरावर कोनाचं एक मिनिट म्हणजे ७.३ मिलिमीटर. चकती १० मिनिटं वर फिरवली की चिन्ह ७३ मिलिमीटर सरकायला हवं आणि परत फिरवली की मूळ जागी यायला हवं. आमचं गेलं ६१ आणि परत येताना ८ मिलिमीटर अलीकडे थांबलं. चकतीवर पेन्सिलीने टकटक केलं तेव्हा टुणकन जागेवर आलं. म्हणजे आतली स्प्रिंग थकलेली. पण एकदा जुळवून चकतीला हात लावला नाही तर ही दुर्बीण अजून पाच-दहा वर्षं खोटं बोलणार नाही. स्वस्त जुन्या दुर्बिणीचा हाच नियम दिसतो. जुळवा, टकटक करा आणि विसरून जा.

आणि हो, चकती फिरवताना अजून एक गोष्ट दिसली. चिन्ह कायम चित्राच्या मधोमध राहत होतं. जुन्या दुर्बिणीत चकती फिरवली की चिन्ह कोपऱ्याकडे सरकताना दिसतं. ते मध्यातच ठेवण्याची रचना लढाईनंतरची आहे. राहता राहिली कडी. ती सैल केली तर खाली काळ्या रंगात बारीक अक्षरं होती: जपान.

असो. मी काकांना सांगितलं. काका दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "मंग सांगायची काय गरज आहे बे त्याला? कडी लावून दे परत. त्याले कुठं समजते!"

मला काही बोलता येईना. चाळीस हजारांचा प्रश्न होता, आणि तेवढाच गोष्टीचाही. माझी नजर दिवाणखान्यातल्या फोटोवर गेली. १९४१ चा फोटो. आजोबा उभे, पायाशी बिबट्या, हातात रायफल. हा फोटो मी जन्मल्यापासून बघतोय. रायफलीच्या नळीवर काहीही नाही. माशी आणि मागची खाच, बस. ऐंशीहून जास्त वर्षं तो पुरावा सगळ्यांच्या डोक्यावर लटकत होता आणि आम्ही सगळे खाली बसून दुर्बिणीची गोष्ट सांगत होतो!

शेवटी धरमपेठला आत्याकडे गेलो. आत्या काकांहून मोठी, ऐंशी ओलांडलेली, पण सगळं लख्ख आठवतं. दुर्बीण पाहिल्याबरोबर म्हणाली, "ही तर बाबांनी मी कॉलेजात असताना आणली. कामठीच्या एका पेन्शनीतल्या सुभेदाराकडून घेतली होती. आईशी भांडण झालं होतं पैशावरून."

"पण का घेतली ग आत्या? तेव्हा तर शिकार कमीच झाली होती ना?"

आत्या जरा थांबली. "तुझ्या काकाला माहीत नाही, तो लहान होता. बाबांना जवळचं दिसेनासं झालं होतं. एकदा डुकराच्या हाक्याला गेले आणि गोळी हाका करणाऱ्या एका पोराच्या कानाजवळून गेली. पोरगा वाचला. बाबा घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत. मग ही आणली. त्यानंतर फक्त गच्चीवरून बघायचे त्यातून. बंदूक पुन्हा उचललेली मी तरी पाहिली नाही."

हे ऐकलं आणि सगळं जुळलं. साध्या रायफलीने नेम धरताना डोळ्याला तीन ठिकाणी बघावं लागतं, मागची खाच हातभर अंतरावर, माशी त्यापुढे आणि लक्ष्य लांब. चाळिशीनंतर डोळ्याचं भिंग ताठरतं, आणि तिन्हीवर झटकन येणं जमत नाही. दुर्बिणीत लक्ष्य आणि चिन्ह एकाच पातळीत येतात, डोळ्याला एकाच ठिकाणी बघायचं असतं. केप्लर आणि गॅस्कॉइन यांनी करून ठेवलेली सोय! आमच्या घराण्याच्या पराक्रमाची खूण म्हणून जी वस्तू आम्ही मिरवत होतो, ती एका घाबरलेल्या माणसाने, आपला डोळा आता भरवशाचा नाही हे कबूल करून विकत घेतली होती. मला तरी बिबट्यापेक्षा हे मोठं वाटलं.

काकांना सांगताना मी आत्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ दुर्बीण हातात घेऊन बसले. मग गच्चीवर गेले, कठड्याला टेकले आणि डोळ्याला लावली.

"अबे, त्या टाकीवरचं नाव वाचता येते यातून," ते म्हणाले. "मोतिबिंदू आहे म्हणून डॉक्टरनं सांगितलंय मला. तरी येते."

त्यांनी गिऱ्हाइकाला फोन स्वतःच केला. माल जपानी आहे, १९६० नंतरचा आहे, स्प्रिंग थकली आहे, काच चांगली आहे, असं सगळं सांगितलं. पलीकडून दोन हजार म्हणाले. काकांनी "विचार करून सांगतो" म्हटलं आणि फोन ठेवला. ऑपरेशनचे पैसे आम्ही पुतणे मिळून बघतोय.

नवीन फ्लॅटमध्ये तो फोटो लागेल तेव्हा दुर्बीण त्याच्याखाली ठेवायची नाही, असं काकांनी बजावलंय. दुसऱ्या भिंतीवर ठेवायची. पोरांनी दोन्हींचा संबंध लावला की परत तीच गोष्ट सुरू होईल, म्हणतात.